जिवंत भेग

कारखान्यातल्या पत्रे ठोकून घडवणाऱ्या सगळ्यात मोठ्या प्रेसच्या खांबाला एक भेग होती आणि तिच्यापायी तपासनीस बाईंची झोप उडाली होती. दर सोमवारी भिंग घेऊन यायचं, भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारायची, शेजारी तारीख टाकायची. तिथेच रंगकाम करणारा त्यांचा सख्खा मामा चिडवायचा, "काय गं, बाळाची उंची मोजतेस?"

बाळ भलतंच उफाड्याचं निघालं. पहिल्या रेघा एकमेकींना चिकटून, पुढच्या लांब लांब. भेग जितकी लांब, तितका तिच्या टोकावर ताण जास्त, आणि प्रत्येक ठोक्याला तिची धावही जास्त. बाईंनी गणित मांडलं. उत्तर आलं अकरा दिवस. आणि त्या प्रेसपुढे रोज बसायचा कोण? त्यांचा धाकटा दीर!

मॅनेजर मात्र ढिम्म. "अहो, मेलेली भेग आहे ती, ओतकामापासूनची. वाढताना दाखवा, लगेच बंद करतो."

"सोमवारी नवी रेघ पडली की सगळ्या रेघाच दाखवते," बाई म्हणाल्या.

सोमवारी बघतात तर काय, प्रेस हिरवीगार, चकाचक! पाहुणे येणार म्हणून मामानं रविवारी भेगेत पुट्टी भरून, रंग मारून भेग, रेघा, तारखा सगळं गडप केलं होतं. वहीत नोंद? छे! लोखंडावरच्या रेघा कुठे पळून जातात, ही बाईंची घमेंड.

"मामा, घात केलात माझा!"

"अगं, ती तुला छळते म्हणून बुजवली!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी रडूच आलं. तिकडे दीर निवांत ठोके देत होता. त्या हट्टानं तिथेच उभ्या राहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबल्याबरोबर त्यांनी भिंग लावलं. नव्या रंगाला केसाएवढी चीर!

मॅनेजरला त्यांनी अक्षरशः ओढत आणलं. "मेलेली भेग कालचा रंग फाडते का हो?"

त्यानं चिरेवरून नख फिरवलं. स्वतःच्या हातानं मेन स्विच बंद केला.

चौथ्या दिवशी दुरुस्तीवाल्यांनी खांब कापून उघडला. बाहेरून वीतभर दिसणारी भेग आत पार पलीकडे पोचत आली होती. जेमतेम दोन बोटं लोखंड शाबूत होतं. बाईंनी मोजलं होतं ते फक्त बाहेरचं.

दीर वाकून बघत म्हणाला, "वहिनी, मग तुमचे अकरा दिवस?"

"चुकले, भाऊजी. सोमवारची संध्याकाळसुद्धा निघाली नसती."

बाई उगाच घाबरवतात, असं सगळा कारखाना म्हणायचा. खरं तर बाई फारच कमी घाबरल्या होत्या. आता मात्र दीर-भावजय दोघंही तिथेच फरशीवर बसली.