रुद्राणीचा आठ

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता, पण आमच्या गावात तो जोडणारे लोक होते. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्या. दुष्काळामुळे खेडोपाडी लेकरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, वाटायची केंद्रं उघडली आणि ती तपासत फिरायला बाई हवी होती. गुरुपादप्पांची सून रुद्राणी मॅट्रिक पास. तिची नेमणूक झाली. अट एकच होती. संक्रांतीच्या आत मोटारसायकलचं लायसन्स दाखवायचं, नाहीतर जागा दुसरीला.

रुद्राणीला ही नोकरी हवीच होती, आणि ते तिनं लपवलं नाही. नवरा पंचाक्षरी तिकडे हिमायतनगरला मास्तर. महिन्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस तिच्यासमोर चूल आणि चुलीमागची भिंत.

"आत्या, मला बाहेरची चार गावं बघायची हायती," ती सासूला, म्हणजे लक्ष्मम्मांना, सरळ म्हणाली.

"मंग बघ की," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

गाडी घरातच होती. गुरुपादप्पा कापडाचे व्यापारी. गावात दुकान, शिवाय राजदूतवर गाठोडं बांधून चाकूरचा बाजार, कधी पार मुखेडचाही. तेव्हा शिकवणार तेच. पण पहिल्याच दिवशी गाडं अडलं. शिकणाऱ्यानं पुढे बसायचं असतं आणि शिकवणाऱ्यानं मागे. लग्न होऊन आल्यापासून रुद्राणीनं सासऱ्याला पाठ दाखवली नव्हती. पाण्याचा तांब्या ठेवून निघतानासुद्धा ती दोन पावलं मागे सरकायची आणि मगच वळायची.

"मामा, मी पुढं न्हाई बसत."

"मंग काय मागं बसून हँडल धरतीस? रुद्रव्वा, गाडीवर सासरा नसतो. मागचा माणूस असतो."

तरी त्यांनी दोघांच्या मध्ये कापडाचं गाठोडं ठेवलंच. लक्ष्मम्मांनी आपलं नऊवारी लुगडं काढलं, कारण गोल पातळात टांग टाकता येत नाही. स्वतः सुनेला कासोटा घालून दिला आणि डोक्यावरच्या पदराला दोन्हीकडून पिना लावल्या.

शिकायला जागा होती ती आमच्या तळ्याची. थेंब नव्हता त्यात. तळ वाळून टणक झालेला, हवी तिकडे गाडी फिरवा. एका कडेला रोजगार हमीवर गाळ काढायचं काम चाललेलं, त्यामुळे बघायला माणसं आयतीच. दुसऱ्याच्या घरातलं बघण्याबद्दल मजुरी मिळत असती, तर आमच्या गावाला दुष्काळ जाणवलाच नसता.

"गुरुपादप्पा," कामावरचा मुकादम लिंबाजी ओरडला, "सून गाडी चालवायली अन् तुम्ही गाठोडं झालाव की!"

"गाठोड्यात माल तरी हाय," गुरुपादप्पा मागल्या टोकावरून म्हणाले. "तुज्यात काय हाय?"

रुद्राणी शिकली. सुरुवातीला क्लच एकदम सोडायची आणि गाडी उडी मारून बंद पडायची. एकदा तिघंही पडले, ती, सासरा आणि गाठोडं. मग हळूहळू गिअर कळले, वळणं कळली. लिंबाजीच्या माणसांकडून चुना घेऊन गुरुपादप्पांनी तळ्यात मोठा आठ आखला. परीक्षेत असाच आठ काढायचा असतो, पाय जमिनीला न टेकवता. "दोनी हात हँडलवर," हे ते इतक्या वेळा म्हणाले की गाळ काढणाऱ्या बायाही एकमेकींना तसंच म्हणायला लागल्या. सून पडेल या भीतीनं ते एकदाही मागून उतरले मात्र नाहीत. आणि बाजारात गिऱ्हाइकांना कापड दाखवता दाखवता सांगायला लागले, "आमची सून आठ काढती." माणसाला अभिमान वाटला की तो लपत नाही, यांनी तर लपवायचा प्रयत्नही केला नाही.

परीक्षा लातूरला. आधी जिल्ह्याचं कुठलंही काम म्हटलं की उस्मानाबाद गाठावं लागे, तेवढं तरी नव्या जिल्ह्यानं वाचवलं. ऑफिसमागच्या मैदानात चुन्याचा आठ आखलेला, लिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसलेले. गुरुपादप्पा आठाच्या एका टोकाशी जाऊन उभे राहिले. स्वच्छ सदरा, डोक्याला रुमाल. सुनेला चालवताना समोरून कधी बघितलंच नव्हतं, आज बघायचं होतं.

रुद्राणीनं किक मारली. पहिलं वळण झकास घेतलं. मधली रेघ ओलांडली आणि दुसऱ्या वळणाला समोर सासरा दिसला. तिचा उजवा हात हँडलवरून उठला आणि डोक्यावरच्या पदराकडे गेला. पदर जागेवरच होता, पिनाही होत्या. पण हात गेला. अ‍ॅक्सिलरेटर सुटला, राजदूतचा आवाज बसला, गाडीनं आचका दिला आणि पाय टेकला.

"घाबरू नका बाई, पुन्हा काढा," साहेब म्हणाले.

पुन्हा काढला. पुन्हा त्याच वळणाला तेच. साहेबांनी आठ दिवसांनी यायला सांगितलं. त्यानंतर संक्रांत फार लांब नव्हती.

घरी आल्यावर रुद्राणी चुलीपुढे बसून रडली. इतकी रडली की भाकरी करपली. "समोर मामा दिसले की हात जातोच, आत्या. मी न्हाई नेत, त्योच जातो."

"पदराला पिन लावली," लक्ष्मम्मा म्हणाल्या, "हाताला कुठं लावू?"

गुरुपादप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. तुम्ही येऊ नका, असं सून सासऱ्याला म्हणू शकत नव्हती. आणि ते गेले नाहीत तर गाडी लातूरपर्यंत नेणार कोण? पुढचे आठ दिवस तळ्यात सराव झाला, नेहमीसारखाच, मध्ये गाठोडं ठेवून.

आठ दिवसांनी पुन्हा तेच मैदान. गुरुपादप्पा पुन्हा त्याच टोकाशी जाऊन उभे राहिले. रुद्राणीनं ते लांबून बघितलं. आता नोकरी गेली, असं तिला स्पष्ट वाटलं. साहेबांनी खूण केली. तिनं क्लच सोडला.

गाडी हलली तसे गुरुपादप्पा वळले आणि ऑफिसच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर ताज्या रंगात 'जिल्हा लातूर' लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचलं. वाचून झालं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागे राजदूत पहिल्या वळणाला गेली, मध्ये आली, त्यांच्याकडे यायला लागली. आवाज मोठा झाला. मागच्या वेळी इथंच बसला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रुद्राणीला समोर दिसली ती पाठ. सदऱ्यावर मध्यभागी घामाचा ओला डाग. हात हँडलवरच राहिले.

आवाज त्यांच्या अगदी जवळून वळला आणि न बसता लांब गेला. मग दुसरा फेरा, तोही तसाच. गाडी बंद झाली तरी ते वळले नाहीत. शेवटी ऑफिसचा शिपाई भुजंग त्यांच्याजवळ आला.

"अहो बाबा, सून पास झाली तुमची. भिंत काय बघायलाव? बघितलं का न्हाई?"

"ऐकलं," गुरुपादप्पा म्हणाले.

संक्रांतीच्या आधी लायसन्स आलं. रुद्राणी कामावर जायला लागली. चार गावं म्हणाली होती, त्याच्या दुप्पट बघितली. मुखेडचा बाजार सोडून गुरुपादप्पांनी राजदूत तिलाच दिली. आमच्या गावातल्या सगळ्यांनी तिला गाडीवर बघितलंय, लेकराबाळांनी, म्हाताऱ्यांनी, गाळ काढणाऱ्या बायांनी.

संध्याकाळी ती परत येते तेव्हा रस्ता दुकानावरूनच आहे. लांबून राजदूतचा आवाज आला की गुरुपादप्पा हातातलं माप खाली ठेवतात, गिऱ्हाइकाकडे पाठ करतात आणि फळीवरचे तागे सारखे करायला लागतात. गाडी पुढे जाईपर्यंत वळत नाहीत. बाहेरगावचा कुणी नवा असला की विचारतो, "ती तुमची सून ना? कशी चालवती हो?"

"लई बेस चालवती," ते तागे लावत सांगतात. "आवाज कुठंच तुटत न्हाई."