परत आलेली आठी

मी एक जुनी, बोटभर उरलेली शिसपेन्सिल आहे. हसू नका मित्रांनो! काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या स्टुडिओत मी भल्याभल्यांचे चेहरे उजळले आहेत.

फोटो स्टुडिओचे मालक काका काढायचे. निगेटिव्हवर हात चालायचा तो त्यांच्या बहिणीचा, आत्याचा. आत्या मला सुईसारखं टोक काढायची, निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि सुरकुतीवर बारीक ठिपके देत जायची. निगेटिव्हवर मी काळं केलं की छापलेल्या फोटोत ते उजळ व्हायचं. "आत्या, दहा वर्षं उतरवलीत की हो!" म्हणत गिऱ्हाइकं खूश. मलाही शिंगं फुटली होती.

एकदा शिवणकाम करणारी एक मुलगी आली. तिची आई नुकतीच गेली होती. आईने जन्मात एकच फोटो काढला होता, तो आमच्याकडे. काकांनी तो मोठा करून दिला. मुलीने तो पाहिला आणि खाली ठेवला.

"ही माझी आई नाही."

"अगं, नाव बघूनच निगेटिव्ह काढलीय," काका म्हणाले.

"आईच्या भुवयांमध्ये आठी होती, काका. सुईत दोरा ओवून ओवून पडलेली. ही गुळगुळीत बाई कोण?"

आत्या ओशाळली. ती आठी तिने माझ्याच टोकाने बुजवली होती, कुणाला न विचारता.

"मेली हाताला खोडच लागलीय," ती म्हणाली. "पण थांब. मी खरवडलेलं नाही, वर शिसं चढवलंय. ते उतरेल."

कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन ती अलगद पुसू लागली. जरा जोर पडला असता तर ओरखडा उठून आईचा चेहराच गेला असता. मुलगी वाकून बघत होती. माझी सगळ्यात नाजूक कारागिरी माझ्यादेखत पुसली जात होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, जाऊ दे.

मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली, रसायनाच्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटला. भुवयांमध्ये आठी!

"बघा कशी बघतेय," मुलगी रडता रडता हसली. "टाका चुकला म्हणून आता ओरडेल!"

तेव्हापासून आत्या आधी विचारू लागली, "काय काय ठेवायचं?"

आता काकांची नात संगणकावर फोटो नीट करते. मी तिच्याजवळ पेल्यात उभी असते. काल तिने एका आजोबांना विचारलं, "गालावरचा डाग काढू का?"

"नको गं बाई! तो नसला तर बायको मला दारात उभं करायची नाही."

मला आता टोक नाही, तरी आत्याने पुन्हा हातात घेतल्यासारखं वाटलं. मित्रांनो, कुणाचा चेहरा नीटनेटका करायला बसाल, तेव्हा आधी विचारा. आणि मूळ फोटो जपून ठेवा. कुणीतरी आपली आठी परत मागायला येईल.