न विझणारी उघडझाप

सुरक्षासाहेबांच्या नोटिशीत सायकलचं नावसुद्धा नव्हतं, आणि शिट्टीताईला राग आला तो त्याचाच. माल साठवायच्या या आवारात फिरणाऱ्या प्रत्येक वाहनावर उघडझाप करणारा दिवा हवा, तो आवाराच्या दुसऱ्या टोकावरून दिसायला हवा, तपासणी शनिवारी दिवेलागणीला. खाली लपेटदार सही.

ती तडक ऑफिसात गेली. "साहेब, माझी सायकल?"

"तिचं काय? ती भंगारात जाईल," साहेब म्हणाले. "तुम्ही फाटकावर बसा. केबिन आहे, पंखा आहे, खुर्ची आहे. किती वर्षं पाय मारणार?"

शिट्टीताई सोळा वर्षं पाय मारत होती. पाइपांचे गठ्ठे, लाकडाचे ओंडके, लोखंडी खोके यांच्या गल्ल्यांतून तिची गस्त रोज दुपारी सुरू व्हायची ती काळोख पडून पाळी बदलेपर्यंत. गळ्यात शिट्टी, म्हणून नाव शिट्टीताई. कुठल्या गठ्ठ्याची पट्टी सैल झाली आहे, कुठल्या कोपऱ्यात कोण विडी ओढतो, हे तिला चाकांवरून कळायचं. आणि ती खुर्ची! तिच्यावर आधी एक तगडा रखवालदार बसवला होता. पहिल्या महिन्यात त्याची चाल गेली, दुसऱ्यात झोप गेली, आणि तिसऱ्यात तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या गोळ्यांची नावं सांगू लागला.

"मी सायकलला दिवा लावला तर?"

"यंदाचं मागणीपत्रक गेलं. आता पुढच्या वर्षी."

"घरी केला तर?"

साहेब हसले. "करा की."

माणसं 'करा की' दोन प्रकारे म्हणतात. एकात मदतीचा हात पुढे येतो, दुसऱ्यात हात डोक्यामागे जातात आणि खुर्ची मागे कलते. साहेबांची खुर्ची चांगलीच कलली. शिट्टीताईने ते नीट बघून ठेवलं आणि घरी गेली.

घरची पुढची खोली म्हणजे दोन राज्यं. खिडकीकडे नवऱ्याचं शिलाई मशीन, दाराकडे नणंदेचं टेबल. नणंदेने लग्नाऐवजी रेडिओ केले, असं नवरा म्हणायचा. त्यावर नणंद म्हणायची, रेडिओ निदान बंद तरी करता येतो. गल्लीतले सगळे मिक्सर, पंखे, चार्जर तिच्याच टेबलावर मरायचे आणि बहुतेक तिथेच जिवंत व्हायचे.

"वन्सं, लुकलुकणारा दिवा करायचाय. सायकलसाठी."

"का हो वहिनी? शिट्टीने लोकांचे कान घेतलेत, आता डोळे राहिलेत?"

शिट्टीताईने नोटीस सांगितली, खुर्ची सांगितली. वन्संनी चष्मा कपाळावर चढवला. "शनिवारी? आज सोमवार. द्या सोडून, मी करून देते उद्यापर्यंत."

"तुम्ही सांगा, हात माझे. आवारात दिवा गेला तर काय शिट्टी फुंकून तुम्हाला बोलावू?"

वन्संना हे आवडलं, पण तसं दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी नुसतं सोल्डरिंगचं तापलेलं यंत्र वहिनीच्या हातात दिलं. पहिला एलईडी शिट्टीताईने रेझिस्टर न लावता थेट बॅटरीला जोडला. तो एकदा झकास चमकला आणि कायमचा गेला. दुसरा उलटा लावला. "लांब पाय अधिकला, आखूड पाय उण्याला," वन्सं म्हणाल्या. "तिसऱ्यांदा सांगणार नाही." तिसऱ्यांदाही सांगावं लागलं. चौथा लागला.

मग वन्संनी आपल्या डबीतला मानाचा ऐवज काढला: दहा पायऱ्यांची चिप. ती पायऱ्या मोजत जायची. पहिली आणि तिसरी पायरी दिव्याला जोडली की दिवा दोनदा लुकलुकायचा, थांबायचा, परत दोनदा. "मोठ्या गाड्यांवर असतात ना, अगदी तसा. आहे कुणाकडे?" बुधवारी दुपारपर्यंत सगळं साबणाच्या डबीत बसवून सायकलच्या मागे बांधलं. शिट्टीताईने आरशाशिवायच नटल्यासारखं वळून वळून पाहिलं.

आवारात शिरल्यावर ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. दिवस कलला होता, दिवा उठून दिसत होता. अशी ती मिरवत क्रेनखालून गेली, आणि घोटाळा झाला.

क्रेन चालवणारा माणूस उंच काचेच्या केबिनमध्ये बसायचा. पाळी सुरू होताना चढायचा, संपल्यावरच उतरायचा, म्हणून त्याला सगळे 'वरचे काका' म्हणायचे. खालच्या गोंगाटात हाक ऐकू जायची नाही, म्हणून खाली टॉर्चवाला उभा असायचा. टॉर्च एकदा लावली की थांब, दोनदा वर, तीनदा खाली, चारदा डावीकडे, पाचदा उजवीकडे. पाइपांचा गठ्ठा नुकताच खाली टेकला होता, टॉर्चवाला वाकून आकडा सोडवत होता, आणि त्याच्या पाठीमागून शिट्टीताई गेली. लुकलुक. दोनदा.

वरच्या काकांनी उचललं.

टॉर्चवाल्याने हात खेचला. हातमोजा मात्र आकड्यात अडकून वर गेला आणि उंच हवेत कुणाला तरी टाटा करत राहिला. त्यात हात नव्हता, एवढंच बरं.

"ताई!" टॉर्चवाला पांढराफटक पडून ओरडला. "काय लावलंय हे मागे?"

साहेब धावत आले. हातमोजा बघितला, दिवा बघितला. "झालं समाधान? काढा तो. उद्यापासून फाटक."

शिट्टीताईने दिवा स्वतःच काढून खिशात घातला, टॉर्चवाल्याचा तो हात दोन्ही हातांत धरून उलटासुलटा तपासला, पाची बोटं मोजली. मग साहेबांकडे वळली. "चूक माझी. पण साहेब, तपासणी शनिवारी आहे. शनिवार अजून आलेला नाही."

"आणि शनिवारीही असंच झालं तर?"

"तर मी स्वतः सायकल भंगारात ढकलत नेईन आणि शिट्टी तुमच्या टेबलावर ठेवीन."

हे बोलून बसल्यावर तिला वाटलं, शिट्टीचं उगाच म्हटलं.

टॉर्चवाला मनाने दिलदार. पाणी पिऊन झाल्यावर तोच उपाय शोधायला बसला. "रंग बदला की."

"लाल कागद लावू?"

"छे, वरच्या केबिनच्या काचांना उन्हासाठी पिवळा कागद चिकटवलाय. त्यांना सगळं जग काविळीचं दिसतं."

"मग सहा वेळा लावते. सहाचा इशारा कुठलाच नाही."

"सहाच्या सहा दिसतील कशावरून? मध्ये एखादा गठ्ठा आला, दोनच दिसले, की ते उचलून मोकळे."

म्हणजे खाली बसून हे सुटणार नव्हतं. काकांची पाळी तिच्याआधी सुरू व्हायची, म्हणून गुरुवारी आपल्या गस्तीच्या तासभर आधी ती क्रेनच्या शिडीपाशी गेली. बासष्ट पायऱ्या, सरळ उभ्या. टॉर्चवाल्याने शिडीचा नियम सांगितला. "एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. घाई झाली तरी नाही."

वरच्या काकांनी दार ढकलून आत आलेलं डोकं पाहिलं आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "तुम्ही? इथे?"

"तुम्ही खाली येत नाही. मग मीच आले."

"काल माझ्या हातून माणूस गेला असता बाई."

"माझ्यामुळे. म्हणूनच विचारायला आले. तुम्ही दिवा मोजता कसा?"

असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. माणसाला त्याच्या कामातलं विचारलं की राग किती वेळ टिकतो, हे बघण्यासारखं असतं. काकांचा दोन घोट पाण्याइतका टिकला.

"उजेड मी मोजतच नाही," ते म्हणाले. "काचेवर धूळ, कागदावर ओरखडे, उजेड फाटतो. एकाचे तीन दिसतात. मी मधला काळोख मोजतो. काळोख पडला की बोट दुमडायचं. एक काळोख म्हणजे दोनदा लागला, दोन काळोख म्हणजे तीनदा."

"आणि काळोख पडलाच नाही तर?"

"मग तो खांबावरचा दिवा. त्याच्याकडे बघतंय कोण?"

ती तासभर त्यांच्या पायांशी बसून खाली बघत राहिली. काका म्हणत होते ते खरं होतं. वरून टॉर्चचा उजेड म्हणजे नुसता पिवळा डाग, पण मधला काळोख अगदी सुरीने कापल्यासारखा.

तरी गाडं अडलेलंच होतं. काकांना काळोख चालणार नव्हता आणि साहेबांना उघडझाप हवी होती. उतरताना ती तेच घोळवत होती. डावा पाय टेकला, उजवा उचलला. उजवा टेकला, डावा उचलला. चाळिसाव्या पायरीवर ती थांबली, आणि खालून टॉर्चवाला ओरडला, "ताई, चक्कर येतेय का?"

"नाही रे," ती वरूनच म्हणाली. "पाय बघतेय."

पाळी संपवून घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. "वन्सं, दोन दिवे. डावा विझायच्या क्षणी उजवा लागला पाहिजे, उजवा विझायच्या क्षणी डावा. दोन्ही एकदम कधीच विझायचे नाहीत."

वन्संचा चेहरा पडला. "मग माझी दहा पायऱ्यांची चिप कशाला? त्याला जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर पुरतात. एक झोपला की दुसऱ्याला उठवतो. शाळेतली पोरं करतात ते."

"शाळेतल्या पोरांचं द्या."

वन्संनी चिप कापसात गुंडाळून परत डबीत ठेवली, आणि ठेवताना एक सुस्कारा सोडला. पण ट्रान्झिस्टर त्यांनी स्वतः निवडून दिले.

"दोघं एकदम झोपत नाहीत म्हणता?" मशीनवरून नवरा म्हणाला. "म्हणजे आमच्या घरातल्यासारखं. एकीचं तोंड मिटलं की दुसरीचं उघडतं."

"तुम्ही शिवा," दोघी एका सुरात म्हणाल्या.

दिवे जवळजवळ लावले तर लांबून एकच ठिपका दिसत होता, मग उघडझाप कुणाला कळणार? दोन्हींत दोन हात तरी अंतर हवं होतं. शिट्टीताईची नजर भिंतीवर गेली. तिथे नवऱ्याची लाकडी मीटरपट्टी टांगलेली होती, सरळ, गुळगुळीत, बरोबर हव्या तेवढ्या लांबीची.

नवऱ्याने ती नजर पाहिली. "पट्टी मागू नकोस. जीव माग."

"जीव सायकलला कसा बांधू?"

त्याने उठून पट्टी काढून दिली, आणि वर पावसाळी कापडाचा एक कप्पा बॅटरीसाठी शिवून दिला, दुहेरी टाक्याचा. तोंड मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत फुगलेलं ठेवलं, कारण पट्टीची काहीतरी भरपाई व्हायलाच हवी होती.

आता एकच भीती होती. आवारात क्रेनच्या रुळांच्या खाचा आहेत. तिथे सायकल आदळते, आणि एक तार जरी सुटली तरी उरलेला दिवा एकटाच उघडझाप करणार. म्हणजे परत काळोख, परत हातमोजा. शुक्रवारी सकाळी तिने गल्लीतल्या गटारावरच्या लोखंडी झाकणावरून सायकल न्यायला सुरुवात केली. तीस वेळा न सुटता गेलं पाहिजे, हे तिचं तिनेच ठरवलं. सातव्या वेळी डावा गेला. सोल्डर नव्याने दिलं, परत एकपासून. एकोणतिसाव्या वेळी उजवा गेला.

"एकोणतीस म्हणजे तीसच की," वन्सं म्हणाल्या.

"टॉर्चवाल्याला सांगा तसं."

या वेळी तिने नवऱ्याच्या जाड दोऱ्याने प्रत्येक तार पट्टीला बांधून घेतली, म्हणजे ओढ दोऱ्यावर यावी, जोडावर नाही. परत एकपासून. समोरच्या दारातली म्हातारी बाई शेवटी मोठ्याने आकडे म्हणू लागली. तीस झाले. शिट्टीताईने आणखी दहा मारले.

शनिवारी दिवेलागणीला साहेब आवाराच्या दूरच्या टोकाला पुठ्ठ्यावर कागद लावून उभे राहिले. फोर्कलिफ्ट गेल्या, ट्रक गेले, टँकर गेला. शेवटी शिट्टीताई निघाली. क्रेनखाली गठ्ठा टेकलेला होता, टॉर्चवाला उरलेल्या एका हातमोज्यानिशी उभा होता. रुळाच्या खाचेवर सायकल आदळली. डावा, उजवा, डावा, उजवा. क्रेनचा दोर जिथल्या तिथे राहिला, तसूभरही हलला नाही. ती पलीकडे गेली, वळली, मुद्दाम परत त्याच वाटेने आली. दोर ढिम्म.

साहेबांनी पेन काढलं, आणि थांबले. "दिसतो. लांबून दिसतो, मान्य. पण हा विझतच नाही. नोटिशीत उघडझाप म्हटलंय. हे बसत नाही नियमात."

"डावा बघा साहेब. तो विझतोय की."

"तेव्हा उजवा चालू असतो ना! एकूण दिवा चालूच."

ट्रकवाले गोळा झाले. शिट्टीताई सायकलवरून उतरली, पण हँडल तिने सोडलं नाही. "साहेब, मी इथून हलणार नाही. नीट बघा, मग लिहा."

तेवढ्यात टॉर्चवाला वर बघून म्हणाला, "अरे देवा."

वरचे काका उतरत होते. पाळी चालू असताना, बासष्ट पायऱ्या, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा न उचलता. सगळं आवार थांबलं. खाली येऊन त्यांनी आधी खिशातून, आकड्यातून सोडवून ठेवलेला हातमोजा काढून टॉर्चवाल्याला दिला, मग साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, दोन्ही दिवे एकदम विझायला हवेत का? हरकत नाही. मला वरून इशारा दिसेल, मी गठ्ठा उचलीन. फक्त तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, ते त्या कागदावर लिहून सही करा."

साहेब मूर्ख नव्हते. नुसते साहेब होते. त्यांनी घसा साफ केला, पुढे झाले, आणि हातातल्या पुठ्ठ्याने उजवा दिवा झाकला. डावा उघडझाप करत होता. मग डावा झाकला. उजवाही करत होता.

"हे दोन दिवे आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन्ही वेगवेगळे तपासले. दोन्ही नियमात. आधीच असं सांगायला काय झालं होतं?"

"चुकलंच," शिट्टीताई म्हणाली, आणि सही होईपर्यंत हसू ओठांच्या आत धरून ठेवलं. मग टांग मारून ती पाइपांच्या गल्लीत शिरली, कारण गस्तीला वीस मिनिटं उशीर झाला होता.

रविवारी नवऱ्याकडे एक जुनं गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. त्याने भिंतीवरचा रिकामा खिळा पाहिला. "शिंपीदादा, पट्टी कुठे गेली?"

"कामावर," गळ्यातली फीत काढत नवरा म्हणाला. "दुपारची पाळी आहे तिची."