एक वाजायच्या आधीचा रक्तदाब

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं. अहिल्यानगरमधल्या एका खासगी दवाखान्याचा अतिदक्षता विभाग. चार नंबरच्या बेडच्या तक्त्यावर एक वाजताचा रक्तदाब लिहून झाला होता : ११०/७०.

तो शिफा या नव्या परिचारिकेने लिहिला होता. वय बावीस, नोकरीचा एकोणिसावा दिवस. रक्तदाब मोजायचा पट्टा दोन बेडना मिळून एकच. एक वाजता मोठ्या डॉक्टरांची फेरी असे आणि तोवर तक्ता भरलेला हवा, अशी तिथली रीत होती.

"अगं, मागचे तीन आकडे बघ आणि तसाच चौथा टाक," तिथे दोन वर्षं काम करणारी परिचारिका संस्कृती तिला म्हणाली होती. "कॉलेजातली वही घरी ठेवून येत जा."

पाऊण वाजता डॉक्टरांचा फोन आला. "मला उशीर होतोय. चार नंबरचं बीपी?"

शिफाने तक्त्यावरून वाचलं. "एकशे दहा, सत्तर."

"छान. मग बीपी वाढवायच्या औषधाचा पंप निम्म्यावर आणा."

तिने आणला.

चार नंबरवर काष्टी गावच्या झुंबरबाई होत्या. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, तोंडात श्वासाची नळी. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मुलगा छगन भेटायला आत आला.

"सिस्टर, आईचे हात लई गार पडल्यात. एसी कमी करा की जरा."

शिफाने शेजारच्या बेडवर असलेला पट्टा काढून लावला. ७२/४०. पुन्हा मोजला. वरचा आकडा ७०!

तिने छगनला बाहेर थांबायला सांगितलं. संस्कृती कानाशी आली. "एकचा आकडा तसाच ठेव. अचानक उतरलं म्हण. उतरतं की असं."

मागे विभागप्रमुख मारिया सिस्टर हे ऐकत उभ्या होत्या. "डॉक्टरांना फोन लाव, शिफा. काय सांगणार?"

"बीपी उतरलं म्हणून."

"कधी उतरलं?"

शिफाने एक वाजताच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"या बाईंना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने फक्त हा तक्ता बोलतो, आणि आज तू त्याला खोटं बोलायला लावलंस. आता डॉक्टर त्याच खोट्यावर पुढचं औषध ठरवतील."

"माझी नोकरी जाईल, सिस्टर."

"जाईल कदाचित. लाव फोन."

शिफाने लावला. "सर, एकशे दहा मी मोजलंच नव्हतं! अंदाजाने लिहिलं. आता सत्तर आहे!"

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "पंप होता तसा करा. मी निघालो."

संस्कृतीने आपल्या दोन्ही बेडच्या तक्त्यांवर आधीच लिहून ठेवलेले दोन वाजताचे आकडे खोडले.

न मोजलेलं लिहू नये. लिहिलं गेलंच, तर ते कबूल करायला मिनिटभरही घेऊ नये. हे फक्त परिचारिकांसाठी नाही. टाकीत न डोकावता पाणी शुद्ध असल्याची सही करणारे, ब्रेक न तपासता गाडी ठीक आहे असं लिहिणारे आपल्यातलेच आहेत. त्या सहीवर कोणीतरी विश्वास ठेवून बसलेलं असतं.

पाच वाजता झुंबरबाईंचा रक्तदाब ८८/५० होता. दुपारपासून त्यांना लघवी झालेली नव्हती. किडनीच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं होतं, ते पोचले नव्हते. बाहेर बाकावर बसलेल्या छगनला एक वाजताच्या आकड्याबद्दल अजून कोणीही काही सांगितलेलं नव्हतं.