दोरी बांधलेली निळी बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे, मित्रांनो. चाकं दोन, त्यातलं एक निखळलेलं. अंगाभोवती नायलॉनची दोरी उभी-आडवी करकचून बांधलेली. हसू नका. या दोरीपायी मी पुष्कळ ऐकून घेतलं आहे.

कॅनडात, ओटावातल्या एका सेलमधून दीनानाथ आणि सुमेधाताई या जोडप्याने मला घरी आणलं. भारताच्या फेऱ्यांत मी लोणची वाहिली, साड्या वाहिल्या. "हिचं पोट मोठं आहे हो," असं सुमेधाताई कौतुकाने म्हणाल्या की मी आणखीच फुगत असे.

२०१७ साली दीनानाथ निवृत्त झाले. सुमेधाताईंचा गुडघा तेव्हा फार दुखायचा आणि ऑपरेशनचा नंबर लागायला अवकाश होता. नंतर पाय कसा चालेल कुणास ठाऊक, म्हणून त्याआधी त्यांना एकच हौस पुरवायची होती: इटलीतल्या समुद्रकाठच्या डोंगरगावात उंचावर बसून चहा प्यायचा. दीनानाथांनी ऑफ-सीझनचं स्वस्त तिकीट काढलं आणि त्याहून स्वस्त खोली शोधली. ती एवढी स्वस्त का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. बाहेरचं खाणं परवडायचं नाही म्हणून माझ्या पोटात भाजणी, मेतकूट, तांदूळ आणि चक्क छोटा कुकर गेला. वरून दोरी.

"बाबा, दिस इज सो एम्बॅरसिंग," लेक ईशिता म्हणाली. "आय'ल बाय यू अ न्यू वन."

"झिप तुटली तर कुकर कोण धरणार, तू?" दीनानाथांनी गाठ आवळली.

गाव बघून माझी छाती दडपली. बस खाली समुद्राशीच थांबली आणि पुढे नुसत्या पायऱ्या. पहिल्याच वळणावर माझं चाक निखळलं. दीनानाथांना मला उचलायचं होतं आणि सुमेधाताईंनाही सावरायचं होतं. दोन्ही जमेना.

सुमेधाताई पायरीवर बसल्या. "अहो, तुम्ही बॅग घेऊन जा वर. मी इथूनच बघते समुद्र."

माझ्यामुळे त्या खालीच राहणार, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात डोक्यावरच्या सज्जातून एका आजीबाईंनी दोरीला लावलेली टोपली खाली सोडली. दुकानदाराने तीत पाव ठेवले आणि टोपली वर गेली. आमची खोली त्याच घरात होती. दीनानाथांनी हातवारे करून विचारलं. आजीबाईंनी मुलाला हाक मारली, जाड दोर आला आणि त्याचा हुक माझ्या त्या बदनाम दोरीत अडकला. मी हवेत लोंबकळत निघाले. खाली दीनानाथांचे दोन्ही हात मोकळे झाले होते. बायकोला धरून, बसत, थांबत, ते तिला वर घेऊन आले. त्या संध्याकाळी सज्जात चहा झाला आणि आजीबाईंनी थालीपीठ मागून खाल्लं.

आता मी बेसमेंटमध्ये विंटर टायर्सशेजारी धूळ खात असते. परवा ईशिता मला डोनेट करायला दोरी सोडू लागली. नव्या गुडघ्याने जिना उतरत सुमेधाताई म्हणाल्या, "राहू दे गं तिला. तिने मला वर जाऊ दिलं."

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, हे मी सांगणारच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण प्रवासाला निघताना आम्हा बॅगांना ठासून भरू नका. तुमचा एक हात सोबतच्या माणसासाठी मोकळा राहू द्या.