पूर्ण जोर

तुळसाने रामाच्या शर्टाची पाच बटणं लावली. सहावं गळ्याजवळचं होतं. तो म्हणाला, राहू दे. महाडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तिघंच होती: ही नवराबायको आणि तुळसाचा भाऊ भरत, भांडुपहून रजा टाकून आलेला.

लस घेतल्यावर महिन्याभरात उजवा हात लुळा पडला, असं रामाने भरपाईच्या दाव्यात म्हटलं होतं. कोर्टात दाखवायला आज हाताचा जोर मोजून घ्यायचा होता.

"भावजी, फुल जोर लावायचा नाय," भरत म्हणाला. "हलकं दाबा. उगा पैलवानकी दाखवलीत तर केस खल्लास."

"मंग मला कसं कळंल?"

"काय?"

"किती रायलाय त्यो."

भरतने बहिणीकडे बघितलं. "तुझा नवरा केस लढायला आलाय का कुस्ती, गो?"

"आयकलात ना तो काय म्हणतोय?" तुळसा रामाला म्हणाली. "दोन वर्सं हेलपाटे घालतोय आपण."

रामाने मान हलवली. ती हो होती की नाही, ते दोघांनाही कळलं नाही.

आत डॉक्टरीणबाईंनी मूठ आवळून दाबायचं यंत्र पुढे ओढलं.

"मी फक्त जोर मोजणार," त्या म्हणाल्या. "लशीमुळे गेला की आणखी कशामुळे, ते यातून कळत नाही."

त्यांनी आधी डावा हात घेतला. काटा अडतीस किलोवर गेला. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून दांड्याभोवती बसवली.

"दाबा."

तुळसा खोकली. रामाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मानेची शीर वर आली, टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. गावी, कुडपणच्या चढावर नाचणीचा भारा पेलताना तो असाच दिसायचा.

"अवो भावजी, बास," भरत कुजबुजला. "घालवलीत केस."

"मध्ये बोलू नका. रामभाऊ, हा पूर्ण जोर आहे?"

"पूर्ण."

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी खुर्ची करकरली. भरतने तोंड फिरवलं. तुळसा भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र सोडवून घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"तिन्ही वेळा सारखंच," त्या म्हणाल्या. "उजवा, चार किलो."