बेस वाजवणारा

चांदवडच्या गोटीराम मास्तरांच्या बँडमध्ये झुंबर सगळ्यात मागे असायचा. पुढे मास्तरांचं क्लॅरिनेट, मग ट्रंपेट, मग ढोल, मग डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, आणि त्यांच्याही मागे अंगाभोवती वेटोळं घातलेला पितळी भोंगा घेऊन भों भों करणारा झुंबर. डोक्याचे केस पिकायला आले, पण ‘बेस वाजवलंस’ असं त्याला कधी कोणी म्हटलं नव्हतं. नवरदेवाचा घोडा तेवढा दचकायचा, तीच काय ती दाद.

अठ्ठ्याण्णव साली मास्तरांनी कॅसिओचा कीबोर्ड आणला; बटण दाबलं की त्यातून भों भोंसुद्धा निघायचं. “झुंबर, भोंगा ठेव आता माळ्यावर,” ते म्हणाले. “पुढल्या सीझनला तू जनरेटरची गाडी ढकल.” भोंग्याशिवाय झुंबरला दुसरं काही येत नव्हतं, आणि भोंगा तरी येतो का, याचीही आता शंका वाटू लागली.

त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली: ‘रॉक बँडसाठी बेस वाजवणारा हवा. रविवारी सकाळी भेटा, गंगापूर रोड.’

मास्तरांनी ती मोठ्याने वाचली आणि मिशीवरून हात फिरवला. “रॉक म्हंजी मालकाचं आडनाव असंल. पन मानूस जाणकार हाय. कसंबी वाजवणारा नको, बेसच पायजे म्हंतो!”

सगळा बँड टेम्पोत चढला. झुंबरला घेतलं ते धक्का मारायला, कारण टेम्पोचा स्टार्टर गेला होता. भोंगा त्याने सवयीनेच उचलला.

पत्त्यावर एक गॅरेज निघालं. आत लांब केसांचा ओम ड्रम घेऊन बसला होता, आणि गळ्यात गिटार अडकवलेली तृप्ती कपाळाला हात लावून. येत्या शनिवारी कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि बेस गिटार वाजवणारा ऐन वेळी पळाला होता. दारात सोनेरी झालरीचे लाल कोट पाहून तिचा कपाळावरचा हात खालीच येईना.

“बेस कोण वाजवतं?” तिने विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले.

“सगळेच?”

“आमच्यात समदेच लय बेस वाजवत्यात,” मास्तर म्हणाले आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. त्याहून बेस आपण वाजवतो, असं ट्रंपेटवाल्याचं मत पडलं. ढोलवाल्याने दोघांची लायकी काढली. शेजारच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, मुलगी कोणाची?

या गोंधळात तिला दिसलं, सगळ्यात मागे एकाचा हात मात्र खालीच होता.

“काका, तुम्ही नाही वाजवत बेस?”

“नाय ताई.” झुंबरला खोटं जमत नसे. “मी आपलं नुसतं भों भों करतो.”

“करा बघू.”

त्याने केलं. शटर थरथरलं. फळीवरचा खिळ्यांचा डबा चालत चालत कडेला आला आणि खाली पडला. ओमचे हात आपोआप ड्रमवर पडू लागले, तृप्तीची गिटार त्यात घुसली आणि मास्तरांचा कोट अंगातल्या अंगात हलायला लागला.

“बेस!” तृप्ती ओरडली. “हाच बेस!”

“ह्यो?” मास्तरांचा आवाज चिरकला. “आमच्यात समद्यात बेस ह्यो?”

“तुमच्यात एकटे हेच!”

झुंबरने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

शनिवारी गॅदरिंगला निवेदकाने माइकवर पुकारलं, “आणि बेस, झुंबर!” पोरं बाकांवर चढली. मास्तर पहिल्या रांगेत लाल कोटात बसले होते, पण त्यांनी टाळी काही वाजवली नाही. झुंबरला त्याचंही वाईट वाटलं नाही, इतका तो खुशीत होता.

नंतर चहाच्या गाडीवर ओमने घोळ केला. “काका, बेस म्हणजे खालचा सूर बरं का. इंग्रजी शब्द आहे. चांगला वगैरे असा त्याचा अर्थ नाही.”

तृप्तीने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. झुंबरचा पेला तोंडाशीच थांबला. म्हणजे अजूनही कोणी काही म्हटलंच नव्हतं तर.

“मंग ताई,” त्याने भीतभीत विचारलं, “मी वाजवलं कसं?”

“बेस.”

“कंचं? तुमचं का आमचं?”

“दोन्ही, काका.”

झुंबरने टेम्पोपाशी उभ्या मास्तरांकडे पाहिलं. “मास्तर जरा लांब हायेत,” तो म्हणाला. “वाईच मोठ्यानं म्हना की.”